पदवी हवीच, पण नोकरी सोडून नको

बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा, पीयूसी (कर्नाटकातली बारावी) कॉमर्स झालेला. वर्षभर पतसंस्थेची, म्हणजे सोसायटीची पिग्मी (रोजची छोटी बचत) गोळा करतो, आता काउंटरवरही बसतो. "बँकेत अनुभवाला किंमत, पदवीत तीन वर्षं कशाला घालवू, असं तो म्हणतो. खरं का?"

नमस्कार. सोसायटीपुरतं त्याचं खरं आहे. तिथेच राहिला तर कष्टाच्या जोरावर शाखेचा मॅनेजरही होऊ शकेल. पण सरकारी बँकेत जायचं म्हटलं, की हा अनुभव पदवीची जागा घेत नाही. आयबीपीएस या सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेची क्लर्क किंवा पीओची (प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे अधिकारी) भरती असो, नाहीतर ग्रामीण बँकेतली ऑफिस असिस्टंटची जागा, पदवी नसेल तर फॉर्मच भरता येत नाही.

शाखा मात्र कुठलीही चालते. बी.ए. मराठी करूनही पीओ होता येतं. म्हणून त्याला नोकरी सोडायला लावू नका. म्हैसूरचं राज्य मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू इथून नोकरी सांभाळून बी.कॉम. होतं. प्रवेशाआधी अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे ना, तेवढं तपासा. "वर्षात डिग्री देतो" म्हणणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका. त्यात पैसाही जातो आणि पोराचं नावही खराब होतं.

खुल्या गटात क्लर्कसाठी वयाची मर्यादा 28, पीओसाठी 30. आत्ता सुरुवात केली तर बाविसाव्या वर्षी पदवी हातात येईल आणि परीक्षेसाठी पुरेशी वर्षं राहतील.

आपल्या भागातल्या मुलांसाठी भाषेचा मुद्दा फार मोलाचा आहे. क्लर्कचा फॉर्म एकाच राज्यासाठी भरता येतो आणि त्या राज्याची भाषा लिहिता-वाचता-बोलता यावी लागते. महाराष्ट्रासाठी भरला तर मराठी, कर्नाटकासाठी कन्नड. स्टेट बँकेत दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेत ती भाषा असेल, तर भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. त्याची दहावीची गुणपत्रिका काढून बघाच. माझं मत स्पष्ट आहे: त्यानं कन्नड पक्कं करावं. दोन्हीपैकी हव्या त्या राज्यासाठी अर्ज करण्याची मोकळीक सीमाभागातल्या पोरांना आहे, ती हातची घालवू नये. पिग्मीच्या कन्नड गिऱ्हाइकांशी रोज कन्नडातच बोलायचं आणि थोडं लिहायचं-वाचायचं, एवढी सवय पुरे.

बँकेत लागल्यावर बढतीसाठी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांसाठीच्या परीक्षा द्याव्यात. त्या पास झाल्या की पगारवाढही मिळते. क्लर्कचा अधिकारी होण्याचा रस्ताही बँकेच्या आतूनच आहे.

तोवर रोज तासभर गणित आणि रिझनिंग, बाकी वेळ नोकरी.