पीएम किसानचा हप्ता अचानक बंद झाला, खातं तर चालू आहे. नेमकं काय तपासायचं?

आधी पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्टेटस बघा. तिथे लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली असणं), ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) आणि आधार-बँक सीडिंग (खात्याला आधार जोडलेलं असणं) या तिन्हींपुढे ‘येस’ हवं. एकाही ठिकाणी ‘नो’ असेल तर २००० चा हप्ता अडकतो, आणि त्याच यादीवर चालणारा राज्याचा नमो शेतकरीचा हप्ताही.

सगळ्यात जास्त घोळ बँकेचा असतो. पैसे आधारवरून जातात, म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं, तिथे. माझ्या आईचे दोन हप्ते असेच ‘गायब’ होते. बचत गटासाठी काढलेल्या दुसऱ्या खात्यात ते गुपचूप पडून होते. म्हणून घरातली सगळी पासबुकं आधी भरून आणा.

ई-केवायसीला आईचा अंगठाच उमटेना, खुरपून खुरपून रेषा झिजलेल्या. शेवटी पीएम किसानच्या मोबाइल अ‍ॅपवर चेहरा दाखवून दोन मिनिटांत काम झालं. अंगठ्यासाठी म्हाताऱ्या माणसांना उन्हात पुन्हापुन्हा सेतूत नेऊ नका, खरंच.

लँड सीडिंग ‘नो’ असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात जा. जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर वारसाने नावावर आली असेल तर फेरफारही सोबत ठेवा. वारसांना लाभ मिळतो.