इनसोल घासले कधी, जखम झाली कधी?

दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी वाचकाच्या आईंचे तळपाय मधुमेहामुळे बधिर झाले आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून त्यांनी नागपूरच्या एका केंद्रात फोमवर पायांचे ठसे देऊन चपला-बुटांत घालायचे ९,५०० रुपयांचे इनसोल करून घेतले. उजव्या अंगठ्याखाली जखम होऊन ती चिघळली, आणि केंद्र म्हणते की मापाने बनवलेला माल परत घेतला जात नाही. श्रवणयंत्रे आणि कवळ्यांबाबतही अशीच पत्रे येतात. "माल परत घेतला जात नाही" या वाक्याने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही, एवढे पुरे.

तुमच्या प्रकरणाचा निकाल मात्र तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या एका ओळीवर ठरेल: "टोचते म्हणून पोळ्याच्या आसपास गावातच उजवे इनसोल घासून घेतले." ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८७(१) नुसार, इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरबदल केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेच्या भरपाईची, कारवाई करता येत नाही, आणि स्वतः बनवून विकणाराही या कलमापुरता विक्रेताच असतो. म्हणजे जखमेनंतर घासले असेल तर दावा उभा राहतो, आधी घासले असेल तर जखमेची भरपाई बहुधा हातची जाते आणि फार तर किमतीपुरते भांडता येते. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला "पोळ्याच्या आसपास" ही तारीख होत नाही.

बधिर पायाला टोचल्याचे सहसा कळत नाही. मग घासण्याआधी घरात कोणाला तरी लाली, फोड किंवा मोज्यावर रक्ताचा डाग दिसला असणार. काय दिसले, कोणाला, कोणत्या दिवशी, हे आठवून लिहून काढा. पण सोयीची तारीख बसवू नका, कारण ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर ती खोटी पाडू शकतो. त्या केसपेपरची प्रत आजच लेखी अर्ज करून मागा. उजवे इनसोल आता खराब पुरावा आहे, परंतु डावे न घासलेले आहे आणि दोन्ही पायांचे ठसे केंद्राकडे असावेत. ते हजर करण्याचा आदेश जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येतो.

केंद्राच्या "बघतो, करून देतो" या फोनवर तुम्ही येत्या पोळ्याला दोन वर्षे घालवलेली असतील. कलम ६९ ची मुदत दोनच वर्षांची आहे, आणि ती फोनने थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागते, आणि तुमच्याकडे ते मला दिसत नाही. तक्रार तुम्ही राहता त्या यवतमाळच्या जिल्हा आयोगातही करता येते. मोबदला, म्हणजे मोजलेली किंमत, पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो, तारखा मात्र त्याहून कितीतरी लांब पडत जातात, आणि पायाला जखम असलेल्या वृद्ध बाईंना तसे ताटकळत ठेवणे मला अन्यायाचेच वाटते. म्हणून किमान दाखल करण्याचा विलंब तरी तुमच्याकडून होऊ नये. दोन्ही इनसोल आईंच्या पायांतून काढून, आहेत तसे पिशवीत बंद करा आणि केसपेपर हाती येताच वकिलाकडे जा.