फिजिक्समध्ये ८६, तरी सोडायचं फिजिक्सच

"नोकरी आहे, संध्याकाळी सायन्सचे कोर्स घेते, डॉक्टर व्हायचंय. पण सगळे म्हणतात, नुसत्या मार्कांनी काही होत नाही. हॉस्पिटलचा अनुभव हवा, रिसर्च हवा, समाजसेवा हवी. मी हे सगळं बसवू कसं?"

न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात मी प्री-मेड, म्हणजे मेडिकल प्रवेशाची तयारी करणाऱ्या, विद्यार्थ्यांना सल्ला देते. दर सेमिस्टरला हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. आपल्याकडे बारावी आणि नीटच्या वळणावर जे ठरून जातं, ते इथे पदवीनंतर ठरवता येतं, त्यामुळे करिअर बदलून येणाऱ्यांची इथे एक वेगळी जमातच आहे. कोलंबिया विद्यापीठाने अशांसाठी १९५५ मध्येच अभ्यासक्रम काढला, ब्रिन मॉर कॉलेजने १९७२ मध्ये. तिथली फी किंवा पूर्णवेळ शिकणं ज्यांना परवडत नाही, ते जवळच्या सरकारी कॉलेजात एकेक कोर्स करत विज्ञान पुरं करतात. वरचा प्रश्न विचारणारी मुलगी त्यातली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

वय ३१. आईवडिलांबरोबर नवव्या वर्षी इथे आलेली, फायनान्सची पदवी, मग सात वर्षं एका विमा कंपनीत क्लेम्सच्या आकडेवारीचं काम. पहिली दहा मिनिटं इंग्रजीत बोलली. भिंतीवरचं कालनिर्णय दिसलं तशी मराठीत आली, आणि मी "ताई" झाले.

"ताई, मला रोगांचे कोड पाठ आहेत. ई-अकरा पॉइंट नऊ म्हणजे टाइप टू मधुमेह, गुंतागुंत नसलेला. असे लाखो क्लेम्स मी पाहिलेत. पण मधुमेहाने सडलेला पाय मी कधी पाहिलेला नाही."

हे वाक्य मी तेव्हाच लिहून ठेवलं. मेडिकलला का जायचंय, याची पाठ केलेली उत्तरं मी खूप ऐकते. हे तसं नव्हतं.

ती आली ऑक्टोबरमध्ये, ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या मिडटर्ममध्ये ५८ मिळाल्यावर. आदल्या वर्षी जनरल केमिस्ट्रीत दोन्ही सेमिस्टरना ए होता. त्याच जोरावर तिने या खेपेला ऑरगॅनिक, फिजिक्स आणि बायॉलॉजी एकदम घेतले होते, तिन्ही लॅबसकट चार-चार क्रेडिटचे. बायॉलॉजीत ९०, फिजिक्समध्ये ८६. वर शनिवारी हॉस्पिटलात चार तास स्वयंसेवक, आठवड्यातून दोन संध्याकाळी ईएमटीचा (अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करणाऱ्या कर्मचाऱ्याचा) कोर्स, आणि एका प्राध्यापकांना लॅबमध्ये घेता का म्हणून पाठवलेली ईमेल. कुठूनशी मिळवलेली यादी होती तिच्याकडे, खुणा केलेली.

मी कागद पुढे ओढला आणि तास मांडले. आठवड्याचे तास १६८. इथला सरकारी हिशोब असा, की एका क्रेडिटला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे किमान दोन. म्हणजे १२ क्रेडिटचे ३६ तास. नोकरी ४५. ईएमटी अभ्यास धरून १०. हॉस्पिटल ४. गाडीतले ७. झाले १०२. रोज सात तास झोप म्हटली तर आणखी ४९. उरले १७. त्यात स्वयंपाक, जेवण, आंघोळ, कपडे, आईचा फोन. तिने कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला आणखी काही तास सापडतील.

"झोप पाच तास धरा ना."

"धरलेलीच दिसतेय. म्हणून तर ५८."

आता हे माझं मत, सगळे सल्लागार मान्य करतीलच असं नाही. 'बॅलन्स' हा शब्द इथे घोटाळा करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, दर आठवड्याला तराजूची दोन्ही पारडी सारखी हवीत. पण अर्ज आठवड्याचा नसतो, तीन वर्षांचा असतो, आणि त्यातल्या गोष्टींचा स्वभाव वेगवेगळा. मार्क एकदा पडले की पुसत नाहीत. एमडी ही इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी, आणि ती देणाऱ्या बहुतेक कॉलेजांचा सामायिक अर्ज अ‍ॅमकॅसमधून जातो. तिथे एखादा विषय पुन्हा घेऊन ए मिळवला तरी जुना सी हिशोबात राहतोच. अनुभवाचे तास मात्र पुढच्या वर्षीही जमवता येतात. म्हणून कोर्स चालू असताना मार्कांना आधी वाढायचं. पण अनुभवाचं ताट रिकामं ठेवायचं नाही, तो घासभर का होईना, रोजचा हवा.

हे मी एका चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी "आधी अभ्यास, बाकी नंतर बघू" म्हटलं. नंतर कधी आलंच नाही. मार्क उत्तम, एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेतही ५२८ पैकी ५१४. प्रवेश मिळालेल्यांची सरासरीसुद्धा ५११-१२ च्या आसपास असते. पण रुग्णाजवळ घालवलेले तास जेमतेम वीस, तेही अर्ज भरायच्या आधीच्या महिन्यातले. कुठेही प्रवेश नाही. खंत मात्र वेगळीच आहे. दुसऱ्या वर्षी तो रुग्णांमध्ये काम करायला लागला, आणि हे आपलं काम नव्हे असं त्याला तीन महिन्यांत कळलं. ते त्याला तीन वर्षं आधी कळू शकलं असतं.

तर मी तिला म्हटलं, "एक विषय सोड. फिजिक्स."

"फिजिक्स? पण ताई, त्यातच तर ८६ आहेत! सोडायचं तर ऑरगॅनिक सोडते."

तिचं चुकत नव्हतं. दुखतो तो दात काढायचा, हे कुणालाही सुचेल. पण ऑरगॅनिकचा पहिला भाग त्या कॉलेजात संध्याकाळी फक्त फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सेमिस्टरला असतो. तो सोडला की दुसरा भाग अडला, तो अडला की बायोकेमिस्ट्री अडली, आणि बायोकेमिस्ट्रीशिवाय एमकॅटला बसणं म्हणजे हात बांधून पोहणं. फिजिक्सवर पुढचं काहीच अडत नव्हतं, आणि ते उन्हाळ्यातही घेता येतं. शिवाय त्या मिडटर्मला एकूण मार्कांच्या फक्त २० टक्के वजन होतं. तिचे पेपर मी पाहिले. समज पक्की, सराव शून्य. आठवड्याला बारा तास मोकळे झाले तर सराव होणार होता. मुदतीच्या आत विषय सोडला की गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' येतो. तो सरासरीत धरत नाहीत. एक डब्ल्यू कुणी विचारत नाही. पाच असले तर विचारतात.

मुदत नऊ दिवसांवर होती. तिने आठ दिवस घेतले.

त्या आठ दिवसांत तिच्या आईचाही फोन आला. "तुम्ही तिला सांगा हो. मी हिशोब केलाय. चौतिसाव्या वर्षी प्रवेश, चार वर्षं कॉलेज, तीन वर्षं तरी रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. एकेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी?" हिशोब बरोबर होता. "तसंही एकेचाळीस होणारच की" असं उत्तर अशा वेळी देतात. मला ते पोकळ वाटतं. त्या वर्षांत घर, मूल, पगार, आईवडिलांची दुखणी हे सगळं असतं. काकूंना मी एवढंच म्हटलं, की आकडे तिच्यासमोर मांडा, माझ्यासमोर नको. त्यांनी मांडले असावेत, कारण पुढच्या भेटीला ती ते कागदावर लिहूनच घेऊन आली.

फिजिक्सपाठोपाठ तिने ईएमटीही सोडलं. त्याची फी भरलेली होती, ते सोडताना तिला जास्त लागलं. रिसर्चची ईमेल मी पुन्हा पाठवू दिली नाही. संशोधनावर भर देणाऱ्या मोजक्या कॉलेजांत जायचं असेल तर ते हवं. हिला प्राथमिक आरोग्यसेवेत जायचं होतं, आणि सात वर्षं आकड्यांशी झुंजलेल्या माणसाने संशोधनाची ओळख करून घ्यायला बीकर धुवायची गरज नाही. जुनी नोकरी अर्जात लपवायची नसते. अनुभवांच्या पंधरा जागांमध्ये तिला मानाची जागा असते.

नोकरीचे तास तिनेच कमी केले, आठवड्याला ३२. कायद्याने ३० तासांना पूर्णवेळ धरतात, त्यामुळे तिचा आरोग्यविमा टिकला. पगार पाचव्या हिश्श्याने घटला, आणि भाड्याच्या घरातून ती आईवडिलांच्या तळघरात आली.

राहिले हॉस्पिटलचे चार तास. तिथे ती चौकशीच्या खिडकीवर बसून लोकांना लिफ्ट दाखवायची. ते बदलून तिला हॉस्पिसकडे, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवेकडे, वळवलं. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा नियम असा, की हॉस्पिसमधल्या रुग्णसेवेच्या तासांच्या किमान ५ टक्के काम स्वयंसेवकांचं असलंच पाहिजे. त्यामुळे तिथे माणसं खरोखर हवी असतात, आणि प्रशिक्षण संपलं की थेट रुग्णाच्या खोलीत पाठवतात. रविवारी तीन तास, बस्स. परीक्षेच्या आठवड्यात नाही गेलं तरी चालेल, असं तिथल्या बाई आधीच म्हणाल्या होत्या, मीही. पण ती एकदाही चुकली नाही. एवढी एकच गोष्ट तिने माझं न ऐकता केली.

ऑरगॅनिकमध्ये शेवटी बी-प्लस आला. ए नाही आला, हेही सांगायला हवं. दुसऱ्या भागात ए-मायनस. फिजिक्सचा पहिला भाग उन्हाळ्यात, दुसरा पुढच्या फॉलला बायोकेमिस्ट्रीबरोबर, वसंतात एमकॅट, जूनमध्ये अर्ज. अर्ज आणि प्रवेश यांमधल्या मोकळ्या वर्षात ईएमटीचं आता पूर्णवेळ चालू आहे, फी पुन्हा भरून.

(भारतातून बीई, बीफार्म करून आलेल्यांसाठी एक सूचना. इथल्या अनेक मेडिकल कॉलेजांना अमेरिकन किंवा कॅनडियन कॉलेजातली क्रेडिट्स लागतात आणि नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डही. कोर्स निवडण्याआधी त्या त्या कॉलेजाचे नियम पाहा.)

अर्ज लिहिताना ती एकदा आली होती. एका अनुभवाला ७०० अक्षरं, आणि त्यातल्या तीन अनुभवांना 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून आणखी १३२५. हॉस्पिसवर लिहिलेलं तिने मला वाचून दाखवलं. एका म्हाताऱ्याचा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. दर रविवारी तो तिला नसलेल्या पायावरचं पांघरूण सारखं करायला सांगायचा, आणि ती करायची. आजाराचं नाव तिने कुठेच लिहिलं नव्हतं.

"चाळीस अक्षरं जास्त होतायत ताई. काय काढू?"

आम्ही बराच वेळ बसलो. शेवटी तिने 'दर रविवारी' काढलं, मग पुन्हा घातलं.