वाचकांचे प्रश्न : खिंडीची भीती नको, मुक्काम मात्र जपून ठरवा

घोडबंदर रोड, ठाणे : ऑगस्टअखेर आम्ही चौघं आमच्या एमएच ०४ गाडीने लेहला निघतोय. सासरे ६४ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. मनालीमार्गे गेलं तर वेळ वाचेल असं सगळे सांगतात. खर्दुंग लावर त्यांना त्रास होईल का?

खर्दुंग लाची ('ला' म्हणजे खिंड) नव्हे, मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या मुक्कामाची काळजी करा. खिंडीवर माणूस पंधरा-वीस मिनिटं थांबतो, फोटो काढतो आणि खाली उतरतो. शरीर बिघडतं ते बहुतेक वेळा उंचावर झोपल्यावर. ३,००० मीटरच्या वर गेलात की आजचा मुक्काम कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण आराम हवा. आता मनालीचा रस्ता बघा. मनाली साधारण २,०५० मीटरवर, जिस्पा ३,२०० च्या आसपास आणि सरचू थेट ४,२९०. एका रात्रीत हजार मीटरची उडी, तीही ४,८९० मीटरचा बारालाचा ला ओलांडून दमल्यावर. सरचूची खरी अडचण वेगळीच आहे. रात्री दोनला कुणाचं डोकं असह्य ठणकायला लागलं तर मागे बारालाचा ला, पुढे नकी ला आणि लाचुलुंग ला. खाली उतरायचं तर आधी आणखी वर चढावं लागतं.

म्हणून जाताना श्रीनगरमार्गे जा. श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, लेह ३,५००. वाटेतला झोजी ला (३,५२८) आणि फोटू ला (४,१०८) दिवसा ओलांडायचे, झोपायचं खाली. कारगिल ते लेह ही उडीसुद्धा आठशे मीटरची आहे, तेव्हा जमलं तर मध्ये आल्चीला (सुमारे ३,१००) एक रात्र काढा. लेहमध्ये दोन रात्री, आणि पहिल्या दिवशी शांतिस्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. त्यानंतर नुब्रा खोरं. इथे खर्दुंग ला लागतो, पण दिस्कित-हुंदरचा मुक्काम लेहहूनही खाली आहे, त्यामुळे सासऱ्यांना हा टप्पा सोपा जाईल. पँगाँग मात्र ४,२०० मीटरच्या वर आहे, ते शेवटी ठेवा. मनालीचा रस्ता परतीला घ्या. तोवर शरीर सरावलेलं असतं आणि सरचूला न थांबता जिस्पा गाठता येतं.

बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि उंचीचा त्रास टाळायच्या डायमॉक्स गोळीबद्दल विचारा. सहसा २५० मिलिग्रॅमची अर्धी गोळी दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी असेल किंवा बीपीच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध असेल तर हे त्यांना आवर्जून सांगा. डायमॉक्सने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, सोड्याची चव फिकी लागते, त्याला घाबरू नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र पूर्ण वर्ज्य.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं इथपर्यंत असेल तर आहात तिथेच थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप, थांबत नसलेला खोकला, फेसाळ थुंकी ही फुप्फुसात पाणी होत असल्याची खूण. मेंदूला सूज येत असेल तर चाल बिघडते. सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच खाली निघा. औषधांच्या दुकानातला ऑक्सिजनचा छोटा कॅन काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर मुक्काम वाढवू नका. लेहमध्ये असाल तर थेट एसएनएम रुग्णालयात जा.

खारघर : मी रोज टेकडी चढतो. हा स्टॅमिना तिथे कामी येईल ना?

दम कमी लागेल, पण उंचीचा त्रास टळणार नाही. तो तरण्या, धडधाकट माणसांनाही तितकाच होतो, आणि तब्येतीच्या जोरावर तेच घाई करतात. आपल्याकडे सरावाला उंचीच नाही. कळसूबाई १,६४६ मीटर.

कोपरखैरणे : गॅरेजवाले म्हणतात, निघतानाच टायरमधली हवा पाच पीएसआयने कमी करा, वर गेल्यावर टायर फुगतात. खरं का?

अर्धं खरं. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय, लेहला साधारण साडेनऊ. त्यामुळे गेज पाचने जास्त दाखवायला हवा. पण इथे ३५ अंशांत भरलेली ३३ ची हवा तिथल्या थंड पहाटे ५ अंशांवर आली की साडेचार पीएसआयने उतरते. दोन्ही मिळून फरक जेमतेम अर्ध्या पीएसआयचा. इथूनच हवा काढलीत तर दीड-दोन हजार किलोमीटरचा हायवे कमी हवेत चालेल, टायर तापेल. लेहला पोचल्यावर सकाळी, टायर थंड असताना मोजा आणि दारावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण ब्रेककडे टायरपेक्षा जास्त लक्ष द्या. पेट्रोल गाडीचा ब्रेक बूस्टर बाहेरची हवा आणि इंजिनची व्हॅक्यूम यांच्यातल्या फरकावर चालतो. खर्दुंग लावर (खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट, पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० होतं) हवेचा दाब निम्म्यावर येतो, तशी बूस्टरची मदतही निम्म्यावर येते. पेडल कडक लागतं. ब्रेक गेलेले नसतात, जोरात दाबावं लागतं एवढंच. उतारावर इंजिन बंद करणं किंवा न्यूट्रल टाकणं अजिबात नको. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड. जळका वास आला तर सपाटीवर थांबा, चाकाला दगड लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर बदलून निघा. ते ओलावा शोषतं आणि लवकर उकळतं. गिअरवर उतरण्याचा सराव माळशेजला करून घ्या.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टॉपअप केलेलं असेल तर काढून निम्मं-निम्मं कूलंट भरा. नुसतं पाणी कडक थंडीच्या रात्री गोठलं की इंजिनचा ब्लॉक तडकतो.

कळवा : माझी कार्ब्युरेटरवाली ३५० सीसी बुलेट आहे. परत येताना लेहहून मनाली, मागे मित्र आणि सामान. झेपेल का?

सामान आणि मित्र दोन्ही एका गाडीवर नकोत. दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के ताकद जाते, म्हणजे तांगलांग लावर (५,३२८ मीटर) निम्मीच उरते. मग हाफ क्लचवर ओढत नेता आणि क्लच प्लेटा जळतात. विरळ हवेत कार्ब्युरेटर पेट्रोल तितकंच सोडतो, मिश्रण रिच होतं, प्लग काळा पडतो. लेहमध्ये मेकॅनिककडून एअर स्क्रू सेट करून घ्या, आयडलिंग थोडं वाढवा आणि मनालीला उतरल्यावर पूर्ववत करा. एअर फिल्टर काढून चालवायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. ती धूळ सिलिंडर खाते. जादा प्लग, क्लच केबल आणि ट्यूब जवळ असू द्या. नाले सकाळी ओलांडा, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, मध्ये थांबायचं नाही.

लेहहून मनालीकडे निघाल्यावर लागणाऱ्या कारूला टाकी फुल करा. मनालीच्या बाजूच्या टांडीच्या पंपावर '३६५ किलोमीटर' अशी पाटी प्रसिद्ध आहे, जवळपास तोच टप्पा तुम्हाला उलटा करायचाय. तुमची गाडी इथे लिटरला ३५ देत असेल तर तिथे २६ धरा: १४ लिटर लागतील. म्हणून पाच लिटरचा धातूचा कॅन सोबत हवा. तो गळ्यापर्यंत भरू नका आणि वर उघडताना झाकण हळूहळू सैल करा. आत वाफ कोंडलेली असते, पेट्रोल उसळून गरम सायलेन्सरवर पडू शकतं.