कचरा डेपोजवळच्या विहिरीचं पाणी डेपोमुळंच बिघडलंय हे कसं सिद्ध करायचं? वर्षातून किती वेळा तपासावं?

आधी डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरीचं पाणी तपासा. खालच्या विहिरीचा एकटा रिपोर्ट घेऊन कुणाच्याही दारात गेलात तरी उत्तर ठरलेलं असतं, "उसाला युरिया टाकता, मग नायट्रेट वाढणारच."

आमचं रान सातारा जिल्ह्यात, डेपोच्या खाली ओढ्याकाठी. मोटर चालू केली की पाटात आधी फेस यायचा, मग कोऱ्या चहासारखं पाणी. म्हशी तोंड लावेनात. तक्रारीवर नमुना घ्यायला माणूस आला तो श्रावणात, विहीर तुडुंब असताना. कॅन वरच्यावर बुडवला आणि गेला. रिपोर्ट आला, पिण्यास योग्य. आमच्या दाजींनी तो कागद सगळ्या भावकीत फिरवला. खतं टाकून पाणी तुम्हीच नासवलं, डेपोला कशाला नावं ठेवता, हे त्यांचं म्हणणं.

मग मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, मी स्वतः नमुने काढले. एक आमच्या विहिरीचा, एक डेपोच्या वर असलेल्या चुलत्यांच्या विहिरीचा. दोन्हीकडं ऊसच, खतंही तीच. मोटर थोडा वेळ चालू दिली, त्याच पाण्यानं कॅन तीनदा विसळला, काठोकाठ भरून बूच लावलं, विहीर-तारीख-वेळ लिहिली आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत दिले. नायट्रेट दोन्हीत जवळपास सारखं. पण क्लोराइड चुलत्यांकडं कमी आणि आमच्या पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच वर. अमोनियाही आमच्याच विहिरीत. कुजलेल्या कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात ही दोन्ही असतात. युरियात क्लोराइड नसतं. म्युरेट ऑफ पोटॅश या खतात असतं, पण तेही दोन्ही रानांत सारखंच पडतं.

किती वेळा म्हणाल तर उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर. २०१६ च्या घनकचरा नियमांतच डेपोच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल असं तपासायला सांगितलं होतं. ते रिपोर्ट माहितीच्या अधिकारात मागा. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा यांचे आकडे बघा, साध्या किटमध्ये ते कळत नाहीत. जंतूंसाठी बाटली वेगळी, निर्जंतुक केलेली, बर्फात ठेवून न्यायची.

एक मात्र आहे. आपल्याकडं काळा कातळ, पाणी मुरमातून आणि भेगांतून चालतं. जमिनीचा उतार एकीकडं आणि भेग दुसरीकडं असं होतं, म्हणून वरची विहीर भूवैज्ञानिकाला विचारून निवडा. वरची साधी विहीर आणि खालचं खोल बोअर यांची तुलना चालत नाही. जवळ गोठा किंवा संडासाचा शोषखड्डा असेल तर क्लोराइड, अमोनिया तिथूनही येतात. आमचा गोठा वस्तीवर आहे, विहिरीपासून लांब, आणि शोषखड्डा त्या अंगाला एकही नाही. दाजींनी येऊन बघावं. दोन्ही विहिरींचे कागद माझ्याकडं आहेत.