सी ड्राइव्हमधले ४० जीबी त्याच डिस्कवर शेजारी असलेल्या उबुंटूला (लिनक्सला) कसे द्यायचे? (उबुंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याचा भाग, भरलंय. राहणार इंदूर.)

देता येतात, डेटाही जात नाही. पण आधी बॅकअप घ्याच. तुम्ही इंदूरचेच, तर जेल रोडला नॉव्हेल्टी मार्केटमध्ये एक्स्टर्नल डिस्क सहज मिळेल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि तो सस्पेंड करा.

सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून 'श्रिंक व्हॉल्यूम'ने लहान करा. आकडा एमबीत द्यायचा, म्हणजे ४०९६०. तेवढी जागा सुटत नसेल तर बहुतेक वेळा हायबरनेशनची (बंद करताना मेमरी डिस्कवर साठवण्याची) किंवा पेजची (मेमरी कमी पडल्यावर वापरायची) फाइल मध्ये अडलेली असते. हायबरनेशन बंद केलंत की फास्ट स्टार्टअपही बंद होतं. ते तसंही बंदच हवं.

खरी मेख पुढे आहे. मोकळी झालेली जागा उबुंटूच्या डावीकडे येते. चालू उबुंटूतून ती जोडता येत नाही. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालू केलेल्या उबुंटूतून, जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं साधन उघडावं लागतं. स्वॅपवर (उबुंटूच्या जादा मेमरीच्या पार्टिशनवर) किल्लीचं चिन्ह दिसलं तर राइट क्लिक करून 'स्वॅपऑफ' करा. पार्टिशनची सुरुवातच सरकवायची असल्याने आतला सगळा डेटा हलतो, कधी कधी तासन्‌तास. मध्येच वीज गेली तर फाइल सिस्टीम मोडू शकते, म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेलाच ठेवा. यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलत नाही, त्यामुळे ग्रब (उबुंटू सुरू करणारा प्रोग्रॅम) सहसा शाबूत राहतो.

मध्ये विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन असेल तर मात्र सरकवासरकवी नकोच. मोकळ्या जागेत नवं एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) पार्टिशन करा आणि होम फोल्डर तिथे हलवा. मला तर एरवीही हाच मार्ग जास्त सुरक्षित वाटतो.