ऑफसीझनमध्ये कोच जे बोलतो त्यावर कॉलेज फुटबॉलचे चाहते विश्वास का ठेवत नाहीत?

तुमचा मुलगा ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेत, लिंकनला, नेब्रास्का विद्यापीठात शिकायला येतोय, ‘यंदा नेब्रास्काची टीम भारी आहे, कोच स्वतः म्हणालाय’ असं आत्तापासून घरात सांगतोय आणि इथले जुने चाहते त्याची टिंगल करतायत, असं तुम्ही लिहिलंय. टिंगल करणाऱ्यांतलीच मी एक, म्हणून उत्तर देतेय.

जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत सामनाच नसतो, आणि सामना नसला की कोणी हरत नाही. वसंतात पंधरा सराव होतात, एप्रिलमध्ये आपलीच टीम आपल्याच टीमशी खेळायची प्रथा वर्षानुवर्षं होती (तो स्प्रिंग गेम, नेब्रास्का हमखास जिंकायची), जुलैत सगळे कोच सुटाबुटात पत्रकारांपुढे येतात. सीझन तिकिटांचे आणि देणग्यांचे पैसे भरायचे तेही याच सुमारास. तेव्हा कोच काय बोलणार? ‘पोरं मंद आहेत, यंदा जमणार नाही’ असं म्हणेल का? बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि आम्ही ते आठ महिने जेवतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पुढचं माझं आहे.

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेत वाढलेली. शाहू स्टेडियमवर पेठेची टीम हरली की आमचा भाऊ रात्री जेवत नसे. तिकडचा फुटबॉल पायाने खेळायचा, इथला अमेरिकन फुटबॉल बहुतेक हाताने, पण वेड तेच. २००८ मध्ये मी लिंकनला एम.एस.ला आले. तेव्हाचा कोच वर्षाला नऊ-दहा सामने जिंकून द्यायचा आणि लोक तरी कुरकुर करायचे. १९९४, ९५ आणि ९७ ची राष्ट्रीय विजेतेपदं पाहिलेली माणसं ती, त्यांना नऊ कसे पुरणार. २०१४ मध्ये नऊ जिंकलेल्या त्या कोचला काढलं. त्यानंतर नऊचा आकडा दिसला तो एकदाच, २०१६ मध्ये.

मग २०१८ च्या मोसमासाठी स्कॉट फ्रॉस्ट आला. घरचाच पोरगा. वूड रिव्हरचा, ९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू), आणि कोच म्हणून नुकताच सेंट्रल फ्लोरिडाला १३-० (तेरा जिंकले, हरला एकही नाही) करून आलेला. आल्या आल्या त्याने सांगून टाकलं की आपल्याला बघून बिग टेनला (आपण खेळतो त्या लीगला) स्वतःचा खेळ बदलावा लागेल अशी आशा आहे. त्या एप्रिलमध्ये स्प्रिंग गेमला ८६ हजारांवर माणसं आली. सरावाला! मीही त्यात होते, लाल कुडता घालून. सप्टेंबरमध्ये अॅक्रनविरुद्ध पहिला सामना, किकऑफ झाला, विजा सुरू झाल्या आणि सामनाच रद्द. फोनवर आई म्हणाली, “लक्षण बरं नाही.” मोसमाचे पहिले सहाही सामने हरलो.

खरी गोष्ट मात्र २०२१ नंतरची आहे. त्या वर्षी आम्ही ३-९ होतो, आणि नऊच्या नऊ पराभव एक आकडी गुणांनी. मिशिगन स्टेटला तर पंट (चेंडू समोरच्यांना देताना पायाने मारायची लांब किक) चुकीच्या बाजूला मारून टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण) बहाल केला आणि ओव्हरटाइममध्ये हरलो. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाने फ्रॉस्टचा पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणला, त्याचे चार सहायक काढले आणि त्याला आणखी एक वर्ष दिलं. माझं म्हणणं होतं की बरोबर केलं. नऊ वेळा थोडक्यात हुकलंय, दोन-चार गोष्टी नीट झाल्या की काम झालं. नवरा पुण्याचा, त्यामुळे मत तयारच होतं. “थोडक्यात हरायलाही सातत्य लागतं,” तो म्हणाला.

पुढचा उन्हाळा तर बहारीचा. नवा ऑफेन्स (आक्रमणाचा) कोच, टेक्ससहून आलेला नवा क्वार्टरबॅक, पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) आलेली पोरं. ऑगस्टमध्ये फ्रॉस्टने कौतुकाने सांगितलं की लाइनच्या (पुढच्या फळीच्या) नव्या कोचच्या हाताखाली पोरं एकेका सरावात पंधरा-वीस वेळा ओकतायत. ही बातमी मी नवऱ्याला मोठ्यांदा वाचून दाखवली. तो आमटी-भात जेवत होता. घास खाली ठेवून म्हणाला, “ओकून टीम घडत असती तर तुमच्या आंबा घाटातली प्रत्येक एसटी चॅम्पियन झाली असती.”

मी मात्र विरघळले होते. पहिला सामना २७ ऑगस्टला डब्लिनमध्ये, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. ज्यांना आदल्या वर्षी आम्ही ५६-७ ने धुतलं होतं तेच. आणि ३१ ऑगस्टला गणपती. कोविडनंतर पहिल्यांदा गौरी-गणपतीला कोल्हापूरला जायचं ठरलं होतं. सुट्टी आणि पैसे दोन्हींपैकी एकालाच पुरणार होते. मी डब्लिन घेतलं. आईला सांगितलं की विमानाची तिकिटं परवडेनात. हे खोटं आज पहिल्यांदा लिहून कबूल करतेय.

अविवा स्टेडियममध्ये सगळा व्यवहार कार्डाने. त्या दिवशी त्यांचं इंटरनेट बसलं, मशीन चालेनात, म्हणून काउंटरवरच्या लोकांनी बिअर आणि खाणं फुकट वाटायला सुरुवात केली. नेब्रास्काची माणसं शिस्तीची, पण फुकट म्हटल्यावर जी रांग लागली ती बघून मला महाप्रसादाची आठवण झाली. हाफटाइमनंतर आम्ही पटापट दोन टचडाउन केले, २८-१७. मी नवऱ्याला म्हटलं, “बघितलंस? हेच म्हणत होते मी.” आणि निर्धास्त मनाने चिप्स आणायला गेले.

रांगेत माझ्यापुढे चौघं असताना आतून तो आवाज आला. ओरडा नव्हे, हजारो माणसांनी एकदम श्वास टाकल्यासारखा. माझ्या मागच्या लाल टोपीवाल्या म्हाताऱ्याने डोळे मिटले. काय झालं ते त्याला न बघताच कळलं असावं. मी दोन कागदी पुडे घेऊन जागेवर आले तर नवरा समोर बघत होता, माझ्याकडे नाही. अकरा गुणांनी पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक (मुद्दाम आखूड मारून चेंडू परत आपणच पकडायचा जुगार) मारायला लावली होती, आणि चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला. तिथून नेब्रास्काचा एक गुण नाही, त्यांचे चौदा. ३१-२८. चिप्स कोणीच खाल्ले नाहीत. नंतर फ्रॉस्टने निर्णय आपलाच होता असं कबूल केलं. नॉर्थवेस्टर्न त्या मोसमात बारापैकी एक सामना जिंकलं. तो हाच.

दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नने ४५-४२ ने हरवलं आणि दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, फ्रॉस्टला काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला भरपाई म्हणून दीड कोटी डॉलरऐवजी ७५ लाख द्यावे लागले असते. तीन आठवडे कळ काढली नाही म्हणून ७५ लाख जास्त! एकूण हिशेब १६-३१. एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या, फरकाने संपलेल्या सामन्यांत ५-२२. पहिल्या टचडाउनला लाल फुगे सोडायची जुनी प्रथाही हेलियमच्या टंचाईमुळे त्याच वर्षी थांबली. नवरा म्हणतो, हवा आधीच गेली होती.

आता वादाचा मुद्दा. नवरा गेली कित्येक वर्षं प्रत्येक गेट-टुगेदरला सांगतो की किकच्या आधी तो म्हणाला होता, “आता हा काहीतरी वेडेपणा करणार.” मी तिथे नव्हते. शेजारी एक आयरिश आजोबा होते, त्यांना मराठी येत नव्हतं. म्हणजे साक्षीदार नाही. असं खरंच म्हणाला असेल तर मी रांगेतून परत आल्यावर पहिलं वाक्य ते असायला हवं होतं. मी याला ओळखते, हा ‘मी म्हणालो होतो’ म्हणायला दहा सेकंदही थांबत नाही. त्या दिवशी तो संपूर्ण चौथा क्वार्टर गप्प होता. हे वाक्य त्याला विमानात सुचलंय. आमच्या ओळखीचे लोक हे वाचत असतील तर त्यांनी नोंद घ्यावी.

आणि मला फ्रॉस्टने फसवलं, हे त्याचं दुसरं पालुपद. ते मला मान्य नाही. ओकारीच्या बातमीवर मी डब्लिनला गेले नाही. घरचा पोरगा आहे, त्याला लाज असेल, या एका गोष्टीवर गेले. लाज होतीही. पण लाजेने पंट सरळ जात नाही.

मुलाला सांगायचंच असेल तर एवढं सांगा. कोचने ‘कल्चर’ म्हटलं की पान उलट. कोणाचं वजन किती वाढलं, कोण किती उचलतो, तेही सोड. कोणाला कामावर घेतलं, पोर्टलमधून कोण आलं आणि गुपचूप कोण गेलं, लाइनवर जुनी पोरं किती राहिली, स्पेशल टीम्ससाठी (किक-पंट सांभाळणाऱ्यांसाठी) वेगळा माणूस आहे का, एवढं बघ. कारण हे आधी घडलेलं असतं, सांगितलेलं नसतं. आणि नोव्हेंबरमधल्या एका स्कोअरच्या सामन्यांपर्यंत तोंड बंद ठेव. (तो ठेवणार नाही. मीही ठेवलं नव्हतं.)

तरी सगळे कोच बोलघेवडेच असतात असं मात्र नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. इंडियानाचा कर्ट सिग्नेटी आला तेव्हा म्हणाला होता, मी जिंकतो, गूगल करून बघा. आम्ही पोट धरून हसलो. ३-९ वर असलेली ती टीम त्याने पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, ११-२ वर नेली. पुढचं तुम्हाला माहीत असेलच. आमच्याकडेही मॅट रूलने त्याच वर्षी ७-६ केलं, २०१६ नंतर पहिल्यांदा बोल सामना (मोसमानंतरचा, बऱ्या टीम्सना मिळणारा जादा सामना) खेळलो आणि जिंकलोही. तेव्हा मुलाचं म्हणणं खरंही ठरेल कदाचित.

यंदा गौरीला मी कोल्हापुरात असेन, आईला शब्द दिलाय. इथे दुपारी बारा वाजता सुरू होणारा सामना तिकडे रात्री साडेदहाला लागतो, म्हणजे आरती-जेवणं उरकून बघता येईल. नवऱ्याला येता यायचं नाही म्हणे, ऑफिसमध्ये काम आहे. मार्चमध्ये क्रेडिट कार्डाचं बिल बघितलं तेव्हा मला कळलं की सीझन तिकिटांचे पैसे त्याने मला न विचारता भरलेत. दोन जागांचे.